विचारले नाही

आपल्या मंडळाची सभासद-नोंदवही परवापरवापर्यंत एका लॅपटॉपमध्ये राहत होती. लॅपटॉप काकांचा. मंडळातील लहानथोर सारेच ज्यांना नुसते ‘काका’ म्हणतात त्यांचे नाव येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. फार पूर्वी ही नोंदवही कापडी बांधणीच्या एका लांब रजिस्टरात होती. पुढे काकांनी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणले, त्यावरून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस स्वतःच शिकून घेतले आणि रजिस्टरातील ओळ न् ओळ संगणकात उतरवली. निवृत्तीला टेकलेला माणूस रात्री जेवणानंतर बसून एकेका कुटुंबाचे नाव, मूळ गाव, येथला पत्ता, मुलांची वये, वर्गणी हे सारे देवनागरीत टंकत होता. वर्गणीची पावती त्यातूनच निघे, मुलांच्या धम्मवर्गाची यादी त्यातूनच निघे आणि 14 एप्रिलला किती माणसांचा स्वयंपाक सांगायचा तेही त्यातूनच कळे.

मी एम.एस.साठी न्यू जर्सीत आले तेव्हा या देशात मला ओळखणारे पहिले घर काकांचे होते. शनिवारी बोलावणे येई, तर्री-पोहे होत आणि त्यानंतर काका लॅपटॉप उघडून बसत. ‘तू कॉम्प्युटरवाली आहेस, जरा हे पाह्य’ असे म्हणून एखादी अडचण पुढे करीत. अशाच एका शनिवारी त्यांची तक्रार निघाली ती एका चौकटीची. सभासदाच्या फॉर्मवर ‘नाव स्मरणिकेत छापावे’ अशी एक चौकट होती आणि नवे कुटुंब नोंदवताना तिच्यात दर वेळी खूण करावी लागे. काका म्हणाले, “सगळ्यायलेच तर छापून पाहिजे असते नाव. काहून एवढा कुटाणा?”

मी तक्त्याची रचना उघडली, त्या रकान्याच्या ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’समोर ‘येस’ असे लिहिले आणि जतन केले. अर्ध्या मिनिटाचे काम. त्या दिवसापासून नवा फॉर्म उघडला की चौकटीत खूण आधीच असे. काका खूश झाले. मीही झाले, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला आपण कोणाच्या उपयोगी पडलो याचा जेवढा आनंद होतो तेवढा मला झाला होता.

ॲक्सेसमधला हो-नाहीचा रकाना कसा असतो हे मला तेव्हाही ठाऊक होते. त्यात दोनच गोष्टी मावतात. ‘हो’ म्हणजे आतल्या आत उणे एक, ‘नाही’ म्हणजे शून्य. रिकामे राहण्याची मुभा त्या रकान्याला नाही. ज्याला काही विचारलेलेच नाही अशा माणसालाही त्यात कोणत्या तरी एका बाजूला पडावेच लागते. कोणत्या बाजूला, ते मी ठरवून दिले होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका सोमवारी रात्री एका ताईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी विचारले, “माझं नाव त्या यादीत कुणी दिलं गं?” त्या वर्षीची स्मरणिका आम्ही प्रथमच पीडीएफ करून इंटरनेटवर ठेवली होती. तीत शेवटी सभासदांची नावे, मूळ गावासह. ताईंच्या कार्यालयातील कोणा भारतीय सहकाऱ्याने ती पाहिली होती. आडनावावरून ज्याचा अंदाज त्याला सात वर्षांत आला नव्हता तो एका ओळीत आला. ताईंना कोणी काही बोलले नाही. फक्त दुपारच्या जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासाठी धरून ठेवली जाणारी खुर्ची त्या आठवड्यापासून धरून ठेवली जाईना, आणि ज्या बैठकांना त्यांना आपोआप बोलावणे येई त्यांतील काहींना येईनासे झाले. यातले काहीही कोणाकडे तक्रार म्हणून नेता येण्याजोगे नव्हते.

आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सिॲटल शहराने 2023च्या फेब्रुवारीत भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. कॅलिफोर्नियातील तसे विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यपालांनी नाकारले. कायदा असो वा नसो, आपल्यापैकी कित्येक जण ‘तुमचे पूर्ण नाव काय’ या प्रश्नाला कोणासमोर काय उत्तर द्यायचे हे मनात ठरवूनच घराबाहेर पडतात. कोणी ठामपणे सांगतो, कोणी सांगत नाही. सांगणाऱ्याचे धैर्य मोठे आहे. पण न सांगणाऱ्याचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे, आणि ताईंचा तो निर्णय मी त्यांना न विचारता अर्ध्या मिनिटात घेऊन टाकला होता. “कुणी दिलं?” या प्रश्नाचे खरे उत्तर मी त्या रात्री दिले नाही. “चूक झाली, मी बघते,” एवढेच म्हटले. पीडीएफ त्याच रात्री काढून टाकली. जे वाचले गेले होते ते काही परत येणार नव्हते.

त्याच सुमारास दुसरा एक अपघात घडला. कार्यकारिणीतील आणखी दोघांना नोंदी हव्या म्हणून काकांची ॲक्सेस फाइल एका सामायिक क्लाउड-फोल्डरमध्ये ठेवली होती. ॲक्सेस फाइल उघडली की शेजारी एक छोटी कुलूप-फाइल तयार होते आणि आत कोण काम करीत आहे हे तिच्यावरून कळते. एकाच कार्यालयातल्या जाळ्यात हे चालते. पण घरोघरी फाइलच्या प्रती पोचवणाऱ्या सेवेला त्या कुलपाचा अर्थ कळत नाही. काकांनी त्यांच्या घरी वर्गणी चढवली, खजिनदारांनी त्यांच्या घरी पत्ते बदलले, आणि रविवारी पाहतो तो फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली, दोन्ही अर्ध्या खऱ्या. त्या जुळवायला माझा एक पूर्ण शनिवार-रविवार गेला. मग बैठकीत मी प्रस्ताव मांडला की नोंदी एका वेगळ्या डेटाबेस-सर्व्हरवर न्याव्यात. कारण म्हणून मी हा दुसरा अपघात सांगितला. पहिल्याचा उल्लेख केला नाही.

संगणकाचे काम न करणाऱ्यांसाठी थोडे सांगते. ॲक्सेसच्या एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी नांदत असतात: एक कोठार, म्हणजे नोंदींचे तक्ते, आणि दुसरे त्या कोठाराचे दार, म्हणजे फॉर्म, पावत्या, याद्या. ही दोन्ही वेगळी करता येतात. कोठार सर्व्हरवर न्यायचे, दार आहे तसे लॅपटॉपवर ठेवायचे. सर्व्हरसाठी मी पोस्टग्रेस निवडले. ते फुकट आहे आणि माझ्या रोजच्या कामातले आहे. दोहोंच्या मध्ये ओडीबीसी नावाचा एक दुभाषा बसतो. 1992 सालापासूनची ही पद्धत आहे आणि माझ्या पिढीतले अभियंते तिला जरा हसतात. पण तिच्यामुळेच काकांचा निळा फॉर्म, त्याच्या माथ्यावरचे ‘जय भीम’, आणि कोणत्या रकान्यातून टॅब दाबला की कोठे जायचे हे ओळखणारी काकांची बोटे, सारे जसेच्या तसे राहणार होते. नवा झुळझुळीत वेब-फॉर्म करून देणे मला सोपे गेले असते. तो काकांनी वापरला नसता. ‘छान आहे’ म्हणाले असते आणि रजिस्टर पुन्हा काढले असते.

जोडणीला दोन संध्याकाळी पुरतील असे मी सांगितले होते. पहिली संपूर्ण संध्याकाळ केवळ ड्रायव्हर दिसेना म्हणून गेली. काकांचे ऑफिस होते 32-बिटचे, मी बसवला 64-बिटचा ड्रायव्हर. दोघांचे बिट जुळल्याशिवाय दुभाषा तोंड उघडत नाही. विंडोजमध्ये या जोडण्या नोंदवण्याची खिडकीही दोन प्रकारची असते, आणि गंमत अशी की दोन्हींच्या फाइलचे नाव एकच, त्यात 32 हा आकडा. पैकी सिस्टिम32 नावाच्या फोल्डरमध्ये असते ती 64-बिटची. ज्याने हे ठरवले त्याला एकदा भेटायचे आहे.

ड्रायव्हर दिसल्यावर यादीत दोन नावे आली: पोस्टग्रेसक्यूएल एएनएसआय आणि पोस्टग्रेसक्यूएल युनिकोड. घाईत मी पहिले निवडले. फॉर्म उघडला. पत्ते नीट होते, फोन नीट होते, कारण ते इंग्रजीत होते. नावांच्या जागी मात्र प्रश्नचिन्हे. एका ओळीत चार, दुसरीत सहा, जेवढी अक्षरे तेवढी प्रश्नचिन्हे. काका शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सगळे गेले का वो?” मी म्हटले, “नाही काका, सर्व्हरवर आहेत, मधल्याला मराठी वाचता येत नाही एवढंच.” ते खरेही होते, परंतु त्या अवस्थेत एखादी नोंद दुरुस्त करून जतन केली असती तर ती प्रश्नचिन्हेच सर्व्हरवर लिहिली गेली असती, आणि मग नाव खरोखरच गेले असते. ड्रायव्हर बदलला, जोडणी नव्याने केली. नावे परत आली. काकांनी पहिल्यांदा काय केले तर स्वतःच्या दिवंगत पत्नीची नोंद काढून पाहिली. आजीव सभासद, मूळ गाव कामठी. “आहे,” म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.

चहा पिताना त्यांनी विचारले, “मग हे सर्व्हर हाय कुठं?”

“ओहायोत. आपण भाड्यानं घेतलाय.”

“तिथं आपलं कोण आहे?”

मी हसले, पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. इतकी वर्षे मंडळाच्या यादीचे रक्षण एकाच गोष्टीने केले होते, ती म्हणजे काकांचा स्वभाव. यादी कोणाला द्यायची, कोणाला नाही, हे त्यांना कळत होते. एका विवाह-जुळणीवाल्याने ती मागितली तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवले होते. सर्व्हरला स्वभाव नसतो. त्याला प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते.

एका बाबतीत मात्र पोस्टग्रेसचा स्वभाव काकांसारखाच आहे. नव्याने बसवला की तो ज्या यंत्रावर आहे त्या यंत्राखेरीज कोणाचेही बोलणे ऐकत नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी एक वेगळी फाइल असते. कोण, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या डेटाबेसकडे, कसली ओळख दाखवून येऊ शकेल, याची एकेक ओळ तीत लिहायची. सर्व्हर ती वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिली ओळ लागू करतो. म्हणून वरच्या ओळीत ‘सर्वांना मुभा’ लिहून खाली कितीही कडक अटी घातल्या तरी त्यांना अर्थ राहत नाही. हे लिहून झाले की आत आलेल्याने काय पाहावे, काय बदलावे, हे पुन्हा निराळे ठरवावे लागते. काकांना सर्व नोंदी वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार. खजिनदारांना वर्गणीचा तक्ता. धम्मवर्ग घेणाऱ्यांना मुलांची नावे व वये, पत्ते नाहीत. स्मरणिका समितीला मूळ तक्ता मुळी दिसूच नये. तिच्यासाठी एक ‘व्ह्यू’, म्हणजे मूळ तक्त्याकडे पाहण्याची एक खिडकी, जिच्यातून केवळ होकार दिलेल्यांचीच नावे दिसतील. ॲक्सेस अशी खिडकी तक्त्यासारखीच जोडून घेतो. जोडताना फक्त विचारतो की प्रत्येक ओळ कशावरून ओळखायची. उत्तर दिले नाही तर त्या जोडणीतून बदल करता येत नाहीत. एरवी हा प्रश्न नवख्यांना फार छळतो. येथे मी तो मुद्दाम अनुत्तरित ठेवला.

पासवर्डविषयी एक विनंती, विषयांतर होत असले तरी. तक्ते जोडताना ॲक्सेस ‘पासवर्ड जतन करू का’ असे विचारतो. हो म्हटले तर तो फाइलमध्ये उघडाच लिहून ठेवतो. फाइल ज्याच्या हाती, त्याच्या हाती पासवर्ड. तेव्हा तेथे नाही म्हणावे. आणि ‘जयभीम’पुढे 1956 जोडून पासवर्ड कृपया कोणी ठेवू नये. आपल्यापैकी किती जणांनी तो ठेवला आहे हे जाणून घेण्यासाठी मला कोणताही सर्व्हर फोडावा लागलेला नाही. बैठकीत नुसते विचारले तेव्हा निम्मे लोक ओशाळे हसले.

आता त्या चौकटीकडे येते, कारण ‘होकार दिलेल्यांची’ हे शब्द लिहिताना माझा हात तेथेच अडला होता. होकार कोणी दिला होता? पोस्टग्रेसमध्ये हो-नाहीच्या रकान्याला तिसरी अवस्था असते: रिकामी, अज्ञात. पण ती ॲक्सेसच्या चौकटीला नीट झेपत नाही. म्हणून मी चौकटच काढून टाकली. रकाना साध्या अक्षरांचा केला आणि त्यात तीनच उत्तरे मान्य ठेवली: ‘हो’, ‘नाही’, ‘विचारले नाही’. यापलीकडचा शब्द सर्व्हर स्वीकारीत नाही. कोणी काहीच निवडले नाही तर तो स्वतःहून ‘विचारले नाही’ लिहितो. फॉर्मवर चौकटीच्या जागी उघडणारी यादी आली.

प्रश्न जुन्या नोंदींचा होता. खूण असलेल्यांना ‘हो’ आणि नसलेल्यांना ‘नाही’ असे उतरवणे म्हणजे एका ओळीची आज्ञा. मी बैठकीत सांगितले की मी तसे करणार नाही. सर्वांसमोर ‘विचारले नाही’ येईल आणि प्रत्येकाला फोन करावा लागेल. विरोध झाला आणि तो रास्त होता. एकाने म्हटले की इतकी वर्षे नावे छापली जात आहेत, एकाची सोडली तर तक्रार नाही. दुसऱ्यांचे म्हणणे अधिक जिव्हारी लागणारे होते: बाबासाहेबांनी आपल्याला मान वर करून जगायला शिकवले, आणि आपण नाव लपवण्याची सोय करून द्यायची? मी उत्तरादाखल काही मोठे बोलू शकले नाही. मी एवढेच सांगितले की त्या खुणा सभासदांनी केलेल्या नाहीत, मी केल्या आहेत. अमुक साली, काकांच्या जेवणाच्या टेबलावर, पोहे खाऊन झाल्यावर. ज्या ताईंना त्रास झाला त्यांनी कधीच होकार दिलेला नव्हता, आणि हे मला त्यांचा फोन आला त्या रात्रीच ठाऊक होते.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग काका म्हणाले, “सांगितले मी होते. पोरीनं नुसतं लिहिलं.” आणि पुढे, “नागपूरला छप्पन साली माझा बाप आपल्या पायानं गेला होता. त्याचं नाव कोणी परस्पर लिहून नव्हतं टाकलं. विचारू न आपण सगळ्यायले. फोन मी करतो.”

फोन त्यांनी केले, मी केले, आणखी तिघांनी केले. सहा-सात आठवडे लागले. बहुतेकांनी हो म्हटले, काहींनी ‘हे काय विचारायचं’ म्हणून थट्टा केली. काहींनी नाही म्हटले, त्यांत अशीही नावे होती की ऐकून आम्ही चकित झालो. मंचावरून हिरिरीने बोलणारी माणसे. आणि काही उत्तरे तीनपैकी कशातच बसेनात. ‘ग्रीन कार्ड होऊ द्या, मग.’ ‘मुलगी कॉलेजात गेली की विचारा, निर्णय तिचाही आहे.’ ‘माझं छापा, यांचं नको.’ काकांनी ही उत्तरे कागदावर टिपून ठेवली होती. त्यांच्यासाठी आम्ही ‘पुन्हा कधी विचारावे’ असा तारखेचा एक रकाना वाढवला, आणि पती-पत्नीच्या नोंदी वेगळ्या केल्या, ज्या इतकी वर्षे पतीच्या नावाखाली एकत्र होत्या. ते खरे तर फार आधी व्हायला हवे होते. सर्व्हरवर नवा रकाना आला तरी ॲक्सेसला तो आपोआप दिसत नाही, जोडणी ताजी करावी लागते. ते करायला मी पुन्हा काकांकडे गेले.

ताईंना फोन मीच केला. आधी त्या वेळी न सांगितलेले सांगितले: खूण कोणी केली, केव्हा, कशी. त्या ऐकत होत्या. मागे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी गॅस बंद केला. मग मी ठरलेला प्रश्न विचारला.

“नाही,” त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, “पुढच्या तारखेचं वगैरे काही नको लिहूस. पण वर्गणी मी भरलीय, तिची पावती अजून आली नाही.”

मी काकांच्या घरूनच बोलत होते. काकांनी फॉर्मवर त्यांची नोंद काढली, पावतीचे बटण दाबले. प्रिंटरला कागद लागला नव्हता. तो लावून येईपर्यंत त्यांनी मला फोन चालू ठेवायला सांगितला.